सादळलेला ढोल आणि तपकिरी मफलर

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने कशाची हाव धरावी, याबद्दल आमच्या रियाधच्या कोकणी मंडळींत साधारण एकमत आहे. गावी स्लॅबचं घर, मुलीला बऱ्या कॉलेजात प्रवेश आणि रक्तातली साखर काबूत. मला हे सगळंच हवं आहे. पण गेली दोन वर्षं या सगळ्याच्या वर, अगदी एक नंबरला, मला एक मफलर हवा होता. लोकरीचा. तोही रियाधमध्ये, जिथे जुलैत गाडीच्या स्टेअरिंगला हात लावायला आधी रुमाल गुंडाळावा लागतो.

हा मफलर बाजारात मिळत नाही. मिळत असता तर बायकोनेच आणून माझ्या अंगावर भिरकावला असता आणि विषय संपवला असता.

झालं असं, की मी नवा नवा या देशात आलो तेव्हा आठ जणांच्या खोलीत राहायचो, आणि त्या खोलीची एकुलती एक खिडकी एका फुटबॉल क्लबच्या मैदानावर उघडायची. खोलीत टीव्ही नव्हता. त्यामुळे मी मैदान बघायचो. बाकीचे सात जण घरी फोन लावायला रांग लावत, आणि मी कोण डाव्या पायाने मारतो, कोण पडल्याचं नाटक करतो, हे पाठ करत बसायचो. पुढे लग्न झालं, घर बदललं, मुलगी झाली, क्लब मात्र चिकटला तो चिकटलाच. क्लब छोटा आहे. वरच्या गटातून खाली घसरतो, धडपडत वर येतो, पुन्हा घसरतो. जर्सीचा रंग दूध कमी पडलेल्या चहासारखा. मी हॉस्पिटलात यंत्रं दुरुस्त करतो, सलाइनचे पंप वगैरे. तिथे सगळे मोठमोठ्या क्लबांचे भक्त. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी कुणी ना कुणी मला विचारणारच, "काय, तुमचा संघ आहे ना अजून?"

आहे. आणि त्याचे चाहतेही आहेत. त्यांचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त वाहतूक पोलीस. पांढरी दाढी, भक्कम खांदे. नोकरी सुटली तरी हात सुटलेले नाहीत. स्टँडमध्ये ते तोंडाने फार बोलत नाहीत. उजवा तळहात समोर आला की घोषणा थांबते, डावा हात आडवा फिरला की डावीकडचे ओरडतात, दोन्ही हात कोपरातून हलले की सगळे. मला अरबी कामापुरतंच येतं, पण त्यांचं मला सगळं कळतं. गाडी चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

यांच्या बायको दर हिवाळ्यात तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मोजकेच मफलर विणतात. आणि प्रमुख ते वाटतात ते फक्त उन्हाळ्यातल्या सरावाच्या शिबिरात, संघ खमीस मुशैतच्या डोंगरावर जातो तेव्हा. त्यांचं म्हणणं असं, की सामने सुरू झाले की सगळेच येतात. सराव बघायला जो डोंगर चढून येतो तो आपला. पण नुसतं येऊनही भागत नाही. आमच्यात उभं राहायचं आणि संघासाठी काहीतरी करायचं. नंतर हिवाळ्यातल्या सामन्यांना ज्यांच्या गळ्यात तो मफलर असतो त्यांना पहिल्या दोन रांगा. मी बावीस वर्षं सहाव्या रांगेत.

गेल्या वर्षी मी एकटा गेलो होतो. रियाध ते खमीस म्हणजे दहा-अकरा तासांचा रस्ता, त्यातला निम्मा नुसता सरळ. दमून भागून गेटवर पोचलो तर पहारेकरी म्हणाला, आज फक्त कुटुंबांसाठी. आणि कुटुंब कुठे आहे? मी म्हटलं, रियाधला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच त्यांना तिथे टाकून आलोय. मी तो सगळा सराव गेटखालच्या फटीतून पाहिला. फटीतून फक्त बूट दिसत होते. तरी बुटांवरून मी आमचा उजवा बचावपटू ओळखला, हे मी घरी येऊन अभिमानाने सांगितलं. बायको म्हणाली, "एक हजार किलोमीटर जाऊन बूट बघून आलात? दुकानात जायचं होतं."

म्हणून यंदा मी चूक दुरुस्त केली. सगळ्यांना घेऊन निघालो. बायको, पंधरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई.

सासूबाई म्हणजे माझी सख्खी मामी. दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावात मी तिच्या अंगाखांद्यावर वाढलो, मग तिचीच मुलगी केली. त्यामुळे जावयाचा मान वगैरे मला कधी मिळालेला नाही. ती व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आली होती आणि पहिल्या आठवड्यातच एसीला कंटाळली होती.

"कुठं चाललोय आपण?" वाटेत तिने विचारलं.

"मामी, फुटबॉलचा संघ बघायला."

"सामना आहे?"

"नाही, सराव. सामने अजून महिन्याने."

मामीने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दोन तास एकही झाड आलेलं नव्हतं. "म्हणजे लग्न नाही, नुसती तालीम," ती म्हणाली, "आणि वऱ्हाड निघालंय."

मुलगी मागून म्हणाली, "नानी, ॲक्चुअली अब्बा को मफलर चाहिए."

"मफलर? इथं?"

"दॅट इज व्हॉट आय सेड!"

डोंगर चढायला लागलो तसा वारा बदलला. मी एसी बंद करून काचा खाली केल्या आणि गाडीत सगळे एकदम माणसासारखे बोलू लागले. वळणावर माकडं बसली होती, मोठाली, आयाळ असलेली, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासणाऱ्या अधिकाऱ्यांसारखी. मामी खूश झाली. "हे बरं आहे," म्हणाली. "हे आधी का नाही दाखवलंस?"

दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, अस्रची नमाज झाल्यावर सराव सामना होता, जवळपासच्याच एका संघाबरोबर. मी धुतलेली जर्सी घातली. ती पोटावर जरा बसते. मी सगळ्यांचे इकामे, म्हणजे इथले राहण्याचे परवाने, आणि मामीचा पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला आणि विजयी मुद्रेने गेटवर गेलो. गेल्या वर्षीचाच पहारेकरी, तोच काळा चष्मा. मी म्हटलं, हे बघा, कुटुंब!

त्याने चौघांच्या मनगटावर हिरव्या पट्ट्या चिकटवल्या. "कुटुंबं तिकडे," म्हणाला आणि मैदानाच्या पलीकडचा स्टँड दाखवला. पुरुषांचा स्टँड अलीकडे. तिथे प्रमुख, तिथे ढोल, तिथे मफलरची पिशवी. मधे अख्खं मैदान.

मी त्याला समजावलं. ही मंडळी तिकडे बसतील, मी इकडे. तो म्हणाला, कुटुंबासोबत आलात, कुटुंबासोबत बसा. मी मनगटावरची पट्टी ओढून पाहिली. ती कातरीशिवाय निघणारी नव्हती. गेल्या वर्षी कुटुंब नव्हतं म्हणून बाहेर, यंदा कुटुंब आहे म्हणून पलीकडे.

"चला," बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "कुटुंबवत्सल माणूस."

कुटुंबांच्या स्टँडमध्ये जागा छान होती, हे मान्य करायला हवं. पायरीखालीच एक चहावाला निखाऱ्यांवर किटल्या मांडून बसला होता. त्या चहाला धुराचा वास असतो आणि इथल्या लोकांना तो फार आवडतो. मामीने बसल्या बसल्या घरून आणलेला सांदणांचा डबा उघडला. आमचा संघ मैदानात आला. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आमचा गोलरक्षक जांभई देत होता. आमचा कप्तान बुटाची नाडी बांधता बांधता कुणाला तरी आईची तब्येत विचारत होता. सामन्यात ही माणसं शत्रूवर चालून जाणाऱ्या फौजेसारखी दिसतात. इथे ती सकाळी कामावर आलेल्या माणसांसारखी दिसत होती, आणि मला ती दुप्पट आवडली. क्षणभर मी मफलर विसरलो. क्षणभरच.

कारण समोरून घोषणा सुरू झाली होती. चाळीसेक माणसं, एकच ढोल. तो ढोल जुना आहे, चामड्याचा, प्रमुखांच्या वडिलांच्या काळातला. बाकीच्या क्लबांकडे प्लास्टिकच्या पडद्याचे ढोल आले तरी आमच्या प्रमुखांनी हा सोडला नाही. रियाधच्या मैदानात तो वाजला की माझ्या छातीचा पिंजरा हादरतो. मीही उभा राहून ओरडू लागलो. माझ्या बाजूच्या बायका आपापली मुलं जरा सरकवून बसल्या.

"अब्बा, प्लीज," मुलगी म्हणाली. "एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू दे. प्रमुखांनी बघायला हवं, तेवढंच."

पण प्रमुखांचं लक्षच नव्हतं. दहाएक मिनिटांत डोंगरावरून धुकं उतरलं. आधी पलीकडचे दिव्यांचे खांब पुसट झाले, मग हवेत बारीक ओल आली, पाऊस म्हणावा इतकीही नाही. आणि ढोलाचा आवाज बदलत गेला. आधी धाड, मग धब, मग नुसतंच भद. भद. ओल्या गादीवर काठी मारल्यासारखं. घोषणा विस्कटली. अर्धे पुढे, अर्धे मागे. प्रमुखांचे हात फिरत होते, पण तालच नव्हता, तर हात काय करणार? मैदानातही काहीतरी ढिलं झालं आणि समोरच्या संघाने आमच्यावर गोल चढवला. मी डोकं धरून बसलो.

तेव्हा मामी, सांदण खाता खाता, मान वर न करता म्हणाली, "सादळलाय."

"काय?"

"ढोल. कातडं सादळलंय. शेक द्यायला हवा. कान नाहीत का या लोकांना?"

आमच्या गावात लग्नाला दफ, म्हणजे डफ, वाजतो. रांगेने बसून, झुलत झुलत. आणि खाडीच्या हवेत दफाचं कातडं तासाभरात ढिलं पडतं. म्हणून एक माणूस सतत पेंढ्याचा जाळ करून दफ शेकत बसलेला असतो. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण रियाधची ती माणसं! त्यांच्या हवेत पापड काय, चामडं काय, काहीच कधी सादळलेलं नाही. डोंगरावर ढोल आणला तोही, म्हणे, यंदा पहिल्यांदाच. त्यांना ठाऊक असणार कुठून? समोर चार जण ढोलाभोवती वाकले होते, दोऱ्या चाचपत होते, आणि प्रमुख एका बाजूला चेहरा फिरवून उभे होते.

मी पायऱ्या उतरलो. या वयात मी पायऱ्या जपून उतरतो. त्या दिवशी नाही उतरलो. खाली मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी आता तोच पहारेकरी उभा होता, त्याने हात आडवा केला. मी म्हटलं, ढोल! ढोल आजारी आहे! माझं अरबी हॉस्पिटलात घडलेलं आहे, त्यामुळे मला सगळं आजारीच म्हणता येतं. तो म्हणाला, तू डॉक्टर आहेस? मी म्हटलं, हो. खोटं नव्हे अगदी. यंत्रांचा तर यंत्रांचा. त्याने मला ओलांडू दिलं नाही, पण त्याने शिट्टी वाजवून प्रमुखांना बोलावलं, आणि ते ढोल कवेत घेऊन, मैदानाला वळसा घालून, आमच्या दोरीपाशी आले.

मी निखारे दाखवले. "नार," म्हटलं. म्हणजे आग. "थोडीशी."

प्रमुखांनी ढोल मागे घेतला. "माझ्या वडिलांचा ढोल तू आगीत घालणार?"

"आगीत नाही. आगीजवळ. पाणी जाईल, आवाज येईल."

"हा फाटलाय."

"फाटला नाही. झोपलाय."

एव्हाना मामी बुरखा सावरत खाली आली होती, मागोमाग बायको आणि मुलगी. मामीने ढोलावर दोन बोटं टेकवली, टिचकी मारली, कान लावला आणि मान डोलावली. प्रमुखांना मराठीत म्हणाली, "काही झालं नाही त्याला. पण याच्या हातात एकट्याच्या देऊ नका. माझ्या दिराच्या लग्नात ह्या मेल्याला दफ शेकायला बसवला होता. अकरा वर्षांचा घोडा! मालपुव्यांचं ताट दिसलं तसा उठून गेला, आणि दफ जळून कोळसा. रांगेतून हाकलला होता ह्याला."

प्रमुखांनी मामीकडे बघत मला विचारलं, "खाला काय म्हणतात?" खाला म्हणजे मावशी.

मी म्हटलं, "म्हणतात, याला लहानपणापासूनचा अनुभव आहे."

मुलीने तोंडावर हात दाबला. बायको दुसरीकडे बघू लागली. आणि प्रमुखांनी, माझ्याकडे नाही, मामीकडे बघत, ढोल पुढे केला.

चहावाल्याने किटल्या बाजूला सारल्या. मी आणि प्रमुखांनी ढोल दोन बाजूंनी धरला, मामी चहावाल्याच्या पालथ्या पाटीवर बसली आणि हुकूम देऊ लागली. "वर. आणखी वर. वीतभर अंतर ठेव. फिरव. थांबू नकोस, मेल्या, एका जागी थांबू नकोस!" मी एक एक वाक्य अरबीत वळवत होतो, निदान वळवायचा प्रयत्न करत होतो, नंतर नंतर प्रमुख माझ्यासाठी थांबेनासे झाले, मामीचा हात वर झाला की ढोल वर, फिरला की ढोलही फिरे. हातांची भाषा त्यांना शिकवायची गरज नव्हती. माझ्या कपाळावरून घाम निखाऱ्यांवर पडून चुर्र होत होता. एकदा वास आला. करपल्यासारखा. मफलर गेला चुलीत. आता या माणसाच्या वडिलांचा ढोल जाळून मी रियाधला तोंड कसं दाखवणार?

"चहा उतू गेलाय," मामी म्हणाली. "तू लक्ष दे."

मैदानात मध्यंतर झालं. आमचे खेळाडू पाणी पीत पीत आमच्याकडे बघत होते. गोलरक्षक तर जवळच येऊन उभा राहिला. समोरच्या स्टँडमधली चाळीस माणसं कठड्यावर वाकली होती. मामीने पुन्हा दोन बोटं टेकवली. मग अंगठ्याने एक ठोका दिला.

टण्ण.

प्रमुखांच्या तोंडून एक शब्द निघाला, तो मी मराठीत आणू शकत नाही. त्यांनी काठी माझ्या हातात कोंबली. "वाजव. इथूनच."

आता, दफाच्या रांगेतून मला हाकललं ते नुसतं जाळल्याबद्दल नाही, हे मी इथे कबूल करतो. माझा हात पळतो. ताल धरला की मी वेग वाढवत सुटतो. लग्नात ते वाईट दिसतं. फुटबॉलमध्ये, एका गोलने मागे असताना, ते कुणालाच वाईट दिसत नाही. मी वाजवायला लागलो आणि ढोल असा बोलला, की धुक्यातून समोरच्या डोंगराने उत्तर दिलं. पलीकडचे चाळीस जण उठले. प्रमुख एका गोलपोस्टच्या मागे, दोन्ही स्टँडांच्या मधोमध, चौकात उभं राहावं तसे उभे राहिले. डावा हात त्यांच्याकडे, उजवा आमच्याकडे. पुरुष ओरडले की थांबा, आता कुटुंबं. आमच्या बाजूच्या बायका, ज्यांनी मघाशी मुलं सरकवून घेतली होती, त्या आता टाळ्या पिटत उभ्या होत्या. मुलीने फोन माझ्यावर धरला होता. "फास्टर, अब्बा!" ती किंचाळली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला हे सांगत होतं.

आमचा बुटका डावा विंगर असा धावला, की जणू त्याला मागून ढोलच ढकलतोय. एक गोल त्याने केला. दुसरा, संपायला थोडा वेळ असताना, कप्तानाने डोक्याने. सराव सामना होता, गुण नाहीत, तक्ता नाही, आणि तरी गोलरक्षक धावत आमच्या दोरीपर्यंत आला आणि त्याने ढोलाला हात लावून तो हात स्वतःच्या छातीला लावला. मग त्याने मामीच्या डब्यातलं एक सांदण उचललं. मामीने दुसरं त्याच्या हातात ठेवलं. "वाळलंय पोर," म्हणाली.

मग प्रमुखांनी पिशवी मागवली. उजवा तळहात वर झाला, दोन्ही स्टँड गप्प. पहिला मफलर काढून त्यांनी घडी झटकली आणि सरळ मामीकडे गेले. दोन्ही हातांनी, मान लववून, तो तिच्यापुढे धरला. "खाला," ते म्हणाले, "हा तुमचा."

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. पण नजर पिशवीवरच होती, आत अजून किती उरलेत ते मोजत. मामीने मफलर उलटसुलट करून पाहिला. "लोकर बरी आहे," म्हणाली. "काठ जरा सैल विणलाय." हे मी भाषांतरित केलं नाही.

प्रमुख वळले. माझ्याकडे पाहिलं. लाल सिग्नलला उभं राहावं तसा मी उभा. त्यांनी बराच वेळ घेतला; मला वाटतं, त्यांना मजा येत होती. मग त्यांचा उजवा हात कोपरातून हलला. या. यल्ला. या पुढे.

मी पुढे गेलो. त्यांनी मफलर माझ्या गळ्यात घातला, दोन टोकं ओढून सारखी केली आणि पलीकडच्या चाळीस जणांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले, "पहिली रांग!"

बायको नंतर म्हणाली, की मी रडत होतो. धूर होता. निखारे अगदी जवळ होते.

दुसऱ्या दिवशी परत येताना डोंगर उतरला तशी उष्णता काचेवर आदळू लागली. एसी पूर्ण सोडूनही मानेखालून घामाच्या धारा वाहत होत्या.

"अहो, काढा आता ते," बायको म्हणाली.

"नाही."

"राहू दे गं," मागून मामी म्हणाली. तिने आपला मफलर उशाशी घेऊन डोळे मिटले होते. "आज शोभतोय त्याला."

वाळवंटातल्या एका पेट्रोल पंपावर मी उतरलो. भर दुपार, जमीन तापून पांढरी पडलेली. पंपावरच्या माणसाने माझ्याकडे वरून खाली पाहिलं, मग काळजीच्या सुरात विचारलं, "भाईसाब, गला ख़राब है क्या?"

मी उत्तर देणार, इतक्यात मागची काच खाली झाली आणि आमच्या कन्येने डोकं बाहेर काढलं.

"गला नहीं, भैया," ती म्हणाली. "पहली रो में बैठते हैं ये. मेरे अब्बा हैं."